मान्यता निराळी, मानांकन निराळे
(सुवर्णमहोत्सवी समारंभात शिष्यवृत्ती समितीच्या वतीने केलेले भाषण)



श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली आपल्या बडोद्यात कलाभवन काढले. तेव्हापासून मुलाने यंत्रविद्या शिकावी ही हौस आपल्या घराघरांत आहे. आज ती पुष्कळदा कर्ज काढून पुरवावी लागते. म्हणून नाणे वाजवून घ्यावे, एवढेच सांगण्यास आम्ही उभे आहोत.

मागे एक पालक आमच्याकडे अर्ज घेऊन आले. 'कॉलेज मान्यताप्राप्त आहे,' असे ते विश्वासाने म्हणाले. कागद पाहिला, तो अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेचा होता. ती मान्यता म्हणजे अभ्यासक्रम चालविण्याची परवानगी. शिक्षणाचा कस पाहून मानांकन देण्याचे काम नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनचे. हे मंडळ परिषदेनेच १९९४ साली स्थापिले. २०१० पासून ते स्वायत्त आहे. मुलाच्या शाखेला त्याचे मानांकन नव्हते, आणि फी तर भरून झाली होती. दोष आमचाही होता. आमच्या अर्जात गुणांचा रकाना होता, हा नव्हता.

हे मानांकन सबंध कॉलेजला नसते, एकेका शाखेला असते. स्थापत्य शाखेला असेल, शेजारच्या यंत्र शाखेला नसेल. बाहेरचे जाणकार येऊन प्रयोगशाळा, उत्तरपत्रिका व अध्यापकांची संख्या तपासतात. शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला प्रत्यक्षात काय करता येते, हेही पाहतात. मानांकन मिळते ते ३ किंवा ६ वर्षांपुरते. तेव्हा कागदावरची तारीखही वाचावी.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. १३ जून २०१४ रोजी भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सभासद झाला. परंतु त्या कराराचा लाभ 'टियर एक'मध्ये, म्हणजे स्वायत्त संस्था व विद्यापीठांचे विभाग यांच्यासाठी असलेल्या वर्गात, मानांकन मिळालेल्या शाखांनाच आहे.

मानांकन नाही म्हणून शाखा वाईटच, असे मात्र समजू नये. नव्या शाखेच्या २ तुकड्या उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्याखेरीज तिला त्यासाठी अर्जच करता येत नाही.

येत्या वर्षापासून आमच्या अर्जात शाखेचे मानांकन व त्याची मुदत यांचा रकाना राहील. कोणाचे साहाय्य नाकारण्यासाठी तो नाही. फी भरण्यापूर्वी हा प्रश्न घरात एकदा विचारला जावा, इतकाच आमचा हेतू आहे.