दोन बहिणींची मशीद

हातातलं काम चालू ठेवा, भाकरी थापत असाल तर थापा, निवडत असाल तर निवडा, फक्त कान इकडे द्या. दर महिन्याला आपण बचत, कर्ज, शेळीपालन, आरोग्य असं काही ना काही बोलतो. आज मात्र आम्ही तुम्हाला लांब नेणार आहोत, पार युरोपात. पासपोर्ट नको, तिकीट नको. एका जुन्या गावातली एक मशीद बघून यायची आहे.

तुम्ही म्हणाल, मशिदीचं आणि बचत गटाचं काय नातं? आमच्या मासिक बैठकीत मोबाइलवर तिचे फोटो फिरवले तेव्हा एका काकूंनीही हेच विचारलं होतं. पण तीच काकू नंतर सगळ्यात जास्त वेळ फोन हातात धरून बसली. का, ते सांगतो.

युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात उत्तर मॅसिडोनिया नावाचा एक लहानसा देश आहे. त्याची राजधानी स्कोप्ये. या गावाची एक लेक आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे, मदर तेरेसा. 1910 साली त्या तिथे जन्मल्या तेव्हा त्या भागावर तुर्की ऑटोमन सुलतानाचं राज्य होतं. ते राज्य तिथे पाचशेहून जास्त वर्षं टिकलं आणि 1912 साली संपलं. राज्य गेलं, पण त्याच्या खुणा राहिल्या: दगडी पूल, हमाम म्हणजे सार्वजनिक स्नानगृहं, बाजारपेठा आणि मशिदी. शब्दही राहिले. तिथले लोक बाजाराला ‘पाझार’ म्हणतात, चहाला ‘चाय’, खिशाला ‘जेब’ आणि शत्रूला ‘दुश्मन’. ऐकलं की वाटतं, हे तर आपल्याच आठवडी बाजारातलं बोलणं.

स्कोप्येहून पश्चिमेला सुमारे 40 किलोमीटरवर शार डोंगराच्या पायथ्याशी तेतोवो हे गाव आहे. गाव कसलं, शहरच म्हणा. इथली सफरचंदं प्रसिद्ध आणि त्याहून प्रसिद्ध इथला पांढरा घेवडा. मातीच्या भांड्यात कांदा, लाल मिरची घालून तो भट्टीत शिजवतात आणि त्याच भांड्यात वाढतात. बहुसंख्य लोक अल्बेनियन बोलणारे मुसलमान आहेत, आणि शेजारी मॅसिडोनियन बोलणारे ख्रिस्ती लोकही राहतात. गावातून पेना नावाची नदी वाहते. या नदीच्या काठावर, जुन्या वस्तीत, आपली मशीद उभी आहे.

तिचं नाव ‘शारेना जामिया’. शारेना म्हणजे रंगीबेरंगी आणि जामिया म्हणजे मशीद. आपण ‘जामा मशीद’ म्हणतो ना, त्यातल्या ‘जामा’चाच हा भाऊबंद. काही जण तिला ‘रंगवलेली मशीद’ असंही म्हणतात आणि ते नाव तिला शोभतं.

आता डोळ्यांपुढे आणा. मशीद म्हटलं की मोठा गोल घुमट आठवतो. इथे बाहेरून तसा घुमट दिसतच नाही. चौकोनी इमारत, वर चारी बाजूंनी उतरतं कौलारू छप्पर, एखाद्या जुन्या वाड्यासारखं. बाजूला एक उंच, बारीक मिनार. आणि भिंती? भिंतींवर पांढरी जागा शोधावी लागते. बाहेरच्या भिंतीवर आयताकृती चौकटी रंगवल्या आहेत, एकीखाली एक, एकीशेजारी एक, पत्त्यांचा डाव मांडावा तशा. प्रत्येक चौकटीत वेगळी नक्षी. आमच्या बैठकीत एक वहिनी म्हणाली, “अगं, ही तर गोधडीच!” खरंच, तुकड्याला तुकडा जोडून शिवलेली वाकळ भिंतीवर अंथरावी तसं दिसतं.

आत जायचं तर काही रीत पाळायची. चपला दाराबाहेर काढायच्या. डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यायची. नमाजाची वेळ चालू असेल तर बाहेर थांबायचं, शुक्रवारी दुपारी तर गर्दीच असते. कोणी प्रार्थना करत असेल तर त्याच्या पुढून जायचं नाही. फोटो काढण्याआधी विचारायचं. आणि भिंतीला हात लावायचा नाही, कारण घामेजल्या हातांनी जुना रंग खराब होतो. यातलं अवघड काय आहे? आपल्या देवळातही आपण जवळजवळ हेच करतो.

आत पाऊल टाकलं की पायाखाली गालिचा आणि डोक्यावर रंगवलेलं छत. फुलं, वेली, पानं, भूमितीच्या आकृत्या. मधे मधे झाडं, घरं, पाणी अशी दृश्यं. माणसांची किंवा प्राण्यांची चित्रं मशिदीत काढत नाहीत, म्हणून चित्रकारांनी सगळी हौस फुलांवर भागवली आहे. एका ठिकाणी मक्केचं चित्र आहे. आग्नेय युरोपातल्या मशिदींमध्ये असं चित्र फार दुर्मीळ आहे. ज्यांना त्या काळी महिनोन्‌महिने चालत, बोटीने हजला जाणं जमत नव्हतं, त्यांना निदान भिंतीवर तरी मक्का दिसत असणार. त्या भागातल्या बऱ्याच मशिदींत वर लाकडी माडी असते आणि बायका तिथे नमाज पढतात. रमजानच्या महिन्यात रात्रीच्या नमाजाला तर लेकीसुना मिळून येतात.

आता त्या काकूच्या प्रश्नाकडे येतो. बचत गटाचं आणि या मशिदीचं नातं काय?

मशिदीच्या अंगणात आठ कोनांची एक छोटी वास्तू आहे. तिथे दोन बहिणींच्या कबरी आहेत. एकीचं नाव हुर्शिदा, दुसरीचं मेन्सुरे. तेतोवोत पिढ्यान्‌पिढ्या असं सांगतात की 1438 साली ही मशीद पहिल्यांदा बांधली गेली ती या दोन बहिणींच्या पैशांतून. मशिदी बांधायच्या त्या सुलतानांनी, पाशांनी, सरदारांनी, असा तो काळ. त्या काळात या दोघींनी आपला पैसा एकत्र केला आणि गावासाठी वास्तू उभी केली. आपल्या भाषेत सांगायचं तर तो दोन सभासदांचा गटच म्हणा!

हे ऐकल्यावर बैठकीत पहिला प्रश्न आला, “त्या काळी बायकांच्या हातात एवढा पैसा आला कुठून?” प्रश्न रास्त आहे. इस्लामी कायद्यात लग्न झालं तरी बाईची मालमत्ता बाईचीच राहते. वारशात तिला वाटा मिळतो, भावाच्या निम्मा, पण मिळतो. लग्नात मेहर मिळते, तीही तिची. ती हा पैसा विकू शकते, देऊ शकते, धर्मादायाला लावू शकते. अशा कायमच्या धर्मादायाला वक्फ म्हणतात. एखादं दुकान, शेत, गिरणी देऊन टाकायची आणि तिच्या उत्पन्नातून मशीद, शाळा, पाणपोई कायम चालवायची. 1546 साली इस्तंबूल शहरातल्या वक्फांची एक मोठी नोंदवही तयार झाली. तिच्यात वक्फ करणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त बायका होत्या. काहींनी मोठी मालमत्ता दिली, बऱ्याच जणींनी एखादं घर किंवा थोडी रोकड. पण नावं लिहिली गेली, म्हणून आज पावणेपाचशे वर्षांनंतर आपण त्यांच्याविषयी बोलू शकतो.

आता पुढची गोष्ट. दोन बहिणींची ती पहिली मशीद जशीच्या तशी राहिली नाही. आज जी दिसते ती 1833 साली अब्दुर्रहमान पाशा या तिथल्या सत्ताधीशाने नव्याने बांधून वाढवलेली, रंगवलेली. त्याला कलेची हौस होती आणि हातात सत्ताही होती. पाशाने दोन्ही बहिणींच्या कबरी अंगणात मानाने राहू दिल्या, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. जुनं काम मोठं करताना पहिल्या हातांना पुसून टाकलं नाही. म्हणून आजही तिथे जाणाऱ्या पाहुण्याला आधी बहिणींची गोष्ट सांगतात, मग पाशाची.

आणि आता अंड्यांची गोष्ट, ज्यासाठी काकूंनी फोन सोडला नाही! सांगतात की या मशिदीचे रंग आणि वरची चकाकी तयार करायला 30,000 हून जास्त अंडी लागली. अंड्याच्या बलकात रंगाची पूड कालवली की रंग भिंतीला घट्ट धरतो आणि वाळल्यावर सहजी निघत नाही. युरोपात ही पद्धत फार जुनी आहे. आपल्याकडेही जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ, बेलफळाचं पाणी, उडदाचं पीठ घालायचेच की. ज्याच्या घरात जे चिकट, ते भिंतीला.

आमच्या काकूंचा गट कुक्कुटपालन करतो. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. एका ट्रेमध्ये 30 अंडी, म्हणजे 30,000 अंड्यांचे हजार ट्रे. घरची गावठी कोंबडी वर्षाला साठेक अंडी देते असं धरलं, तर 500 कोंबड्यांची वर्षभराची अंडी. मग काकू म्हणाल्या, “पाशाने हुकूम दिला, चित्रकारांनी रंगवलं, पण 500 कोंबड्यांना दाणा कोणी टाकला? खुराडी कोणी झाडली? अंडी फुटू न देता टोपलीतून कोणी आणली?” सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. अंगणातल्या कोंबड्या जगात सगळीकडे बहुतेक बायकाच सांभाळतात. त्या बायकांची नावं कुठल्याही वहीत नाहीत. दोन बहिणींची आहेत, कारण त्यांचा पैसा त्यांच्या नावाने लागला. अंडीवाल्यांचे कष्ट बेनावाने लागले.

मैत्रिणींनो, इथे आम्हाला एक गोष्ट सांगाविशी वाटते. आमच्या भागातल्या एका गावात सभागृह बांधायचं ठरलं. तिथल्या चार गटांनी मिळून आपल्या दंडाच्या आणि व्याजाच्या रकमेतून 40,000 रुपये दिले. बायकांनी विटा वाहिल्या, पाणी मारलं, ते वेगळंच. उद्घाटनाला फुलांची कमान, भाषणं, सगळं झालं. कोनशिलेवर नऊ नावं कोरली. त्यात गटाचं एकही नाव नव्हतं. बायकांनी विचारलं, तर उत्तर मिळालं, “दगडावर जागा उरली नाही.” भांडण करायला गेलो असतो तर झालं असतं. पण आम्ही वही उघडली, तर कळलं की पैसे दिल्याची पावतीसुद्धा एका सभासदाच्या नवऱ्याच्या नावाने फाडलेली. म्हणजे उद्या कोणी विचारलं तर कागदोपत्री त्या बायकांनी काही दिलंच नव्हतं.

मग त्या गटांनी काय केलं, ते ऐका. पावती बदलून गटांच्या नावाने घेतली. त्याला तीन फेऱ्या पडल्या, पण घेतली. ग्रामसभेत विषय मांडला आणि इतिवृत्तात नोंद करून घेतली की अमुक गटांनी एवढी रक्कम दिली आणि सभागृहात दर महिन्याला दोन दिवस महिलांच्या बैठकीसाठी राखीव राहतील. दगडावर नाव अजून नाही. पण दोन दिवस मात्र त्यांचे आहेत, आणि त्या दिवशी किल्ली मागायला कोणाच्या दारात जावं लागत नाही.

त्या अनुभवातून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्याही गटात बोलून बघा. एक, गटाने गावाला काहीही दिलं, पैसा असो की श्रम, त्याचा ठराव गटाच्या वहीत लिहायचा आणि सगळ्यांच्या सह्या, अंगठे घ्यायचे. दोन, पावती नेहमी गटाच्या नावानेच. तीन, देण्याआधी विचारायचं की या वास्तूचा वापर आपल्याला कधी, कसा मिळणार, आणि ते लिहून घ्यायचं. वक्फ करणाऱ्या बायका उत्पन्न कशावर खर्च व्हावं हे आधीच लिहून ठेवत, ते उगीच नाही. चार, घरी गेल्यावर नमुना आठ आणि सातबारा काढून बघायचा. घरावर, जमिनीवर आपलं नाव आहे का? कुंकवाचा करंडा आपला आणि घर मात्र दुसऱ्याचं, असं किती दिवस चालायचं?

कोणी म्हणेल, दान करावं आणि नाव मिरवू नये. पटतं आम्हाला. पण नाव मिरवणं वेगळं आणि नोंद राहणं वेगळं. नोंद राहिली की लेकीला कळतं, आपल्या आईने, आजीने हे केलं होतं. मग तिलाही वाटतं, आपणही करू शकतो.

तेतोवोच्या नदीपलीकडे जुना हमाम आहे. पूर्वी तिथे लोक आंघोळीला जमत, आता तिथे चित्रांचं दालन आहे. काळ बदलतो, वास्तूचा वापर बदलतो. मशिदीत मात्र आजही अजान होते, लोक येतात, आणि जगभरातले पाहुणे अंगणात थांबून दोन बहिणींच्या कबरीपाशी त्यांची नावं विचारतात. हुर्शिदा आणि मेन्सुरे. आज तुम्हीही ती ऐकलीत.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देतो. तुमच्या गावातली विहीर, पार, देऊळ, दर्गा, शाळा, धर्मशाळा यांपैकी एखादी वास्तू एखाद्या बाईच्या पैशांतून किंवा कष्टातून उभी राहिली आहे का, ते म्हाताऱ्या बायकांना विचारून या. नाव मिळालं तर गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि आम्हाला कळवा. पुढच्या महिन्यात रेडिओवर ती सगळी नावं आम्ही एकेक करून वाचून दाखवू.

तोवर काळजी घ्या, बचत वेळेवर भरा. नमस्कार.