चाक केवढं घ्यावं?

एकचाकी सायकल म्हटली की आपल्याला सर्कशीचा तंबू आठवतो. तिथली एकचाकी सपाट जमिनीवर, दिव्यांच्या झगमगाटात चालते. मी आज ज्या एकचाकीबद्दल बोलणार आहे, ती माळावर, पांदणीत, दगडगोट्यांतून चालवायची आहे. अलास्कात जॉर्ज पेक आणि कॅनडात क्रिस होल्म यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ही वाट मळून दिली. होल्म तर एकचाकी घेऊन भूतानच्या डोंगरवाटांवरही उतरला. आपल्या वसमत तालुक्यात, हट्ट्याच्या आसपासच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हा नाद लागला, तर सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न एकच आहे: चाक केवढं घ्यावं?

दुचाकीच्या बाबतीत हा प्रश्न एवढा मोठा नसतो, कारण तिथे मध्ये साखळी असते. एकचाकीला साखळी नाही, फ्रीव्हील नाही. क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, थेट चाकाच्या हबला बसवलेले असतात, त्यामुळे पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. उतारावर पाय सैल सोडून बसता येत नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, आणि ब्रेक नसेल तर ते आवरायचंही पायांनीच. म्हणून चाकाचा आकार हाच तुमचा गिअर. 1870च्या दशकातल्या उंच चाकाच्या सायकलींचीही हीच अडचण होती. वेग हवा म्हणून पुढचं चाक वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत गेलं. 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीने साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ आणली आणि दुचाकी त्या अडचणीतून सुटली. एकचाकी अजून तिथेच आहे.

आता आकड्यांकडे येऊ, कारण फसगत इथेच होते. आपल्याकडे जुन्या काळ्या सायकलींना आपण बावीस इंची, चोवीस इंची म्हणतो. तो आकडा चाकाचा नसतो, फ्रेमच्या उंचीचा असतो. त्या दोन्ही सायकलींना चाक मात्र अठ्ठावीस इंचीच असतं. एकचाकीचा आकडा चाकाचा असतो खरा, पण तोही अर्धंच सांगतो. चोवीस इंची चाकाच्या रिमचा व्यास, टायर जिथे बसतं तिथे, 507 मिलिमीटर असतो. त्यावर तीन इंची जाड टायर चढवलं की चाकाची खरी उंची भरते जवळजवळ 65 सेंटीमीटर, म्हणजे पंचवीस-सव्वीस इंच! एकोणतीस इंचीच्या रिमचा व्यास 622 मिलिमीटर. त्यावर 2.4 इंची टायर चढवलं तर उंची साधारण 74 सेंटीमीटर होते. म्हणजे कागदावर पाच इंचांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात साडेतीन इंचांवर येतो.

या फरकाने काय बदलतं? पायडलच्या एका फेऱ्यात पहिलं चाक 2 मीटर 4 सेंटीमीटर जातं आणि दुसरं 2 मीटर 32 सेंटीमीटर. मिनिटाला 60 फेरे धरले, तर ताशी 7.3 आणि 8.4 किलोमीटर. म्हणजे मोठ्या चाकाने ताशी एक किलोमीटर मिळतो. रोज लांब पल्ला मारणाऱ्याला तो मोलाचा आहे.

पण माळावर वेगापेक्षा दगड महत्त्वाचा. बैलगाडीचं लाकडी चाक एवढं उंच का असायचं, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. उंच चाक चाकोरीतला धोंडा सहज चढून जातं. तोच हिशेब इथे लावू. वाटेत 5 सेंटीमीटर उंचीचा दगड आहे. वीस इंची, साध्या टायरच्या चाकाला तो सुमारे 37 अंशांच्या चढासारखा लागतो. चोवीस इंचीवर तीन इंची टायर असेल तर 32 अंश, आणि एकोणतीस इंचीला 30. नीट पाहा, विसावरून चोविसावर आलो तर पाच अंश सुटले, आणि चोविसावरून थेट एकोणतिसावर गेलो तर फक्त दोन. त्या दोन अंशांची किंमत पायाला मोजावी लागते. क्रँकची लांबी तीच, 150 मिलिमीटर ठेवली, तर एकोणतीस इंचीला चढावर सुमारे 14 टक्के जास्त जोर लावावा लागतो. तो वाचवायला 170 मिलिमीटरचे क्रँक लावले, तर पावलांचा फेरा मोठा होतो आणि सपाटीवर चाल हिसक्यांची होते.

आपली जमीनही लक्षात घ्या. औंढा नागनाथकडच्या टेकड्यांवर मुरूम आहे, सुटा काळा दगड आहे. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकडेच्या वाटा बऱ्यापैकी सरळ आहेत. आणि शिवारात आहे काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. दीड इंची टायर भेगेत उतरलं की चाक तिथेच थांबतं आणि स्वार पुढे जातो. तीन इंची टायर भेगेवरून सरकून जाण्याची शक्यता कितीतरी जास्त. शिवाय जाड टायरमध्ये हवा कमी ठेवता येते आणि लहानसहान खडे टायरच गिळतं. एकचाकीला दुसरं स्प्रिंग नाही, जे काही आहे ते टायरमधली हवाच. पावसाळ्यात मात्र जाड टायरही कामाचं नाही. काळा चिखल टायर आणि फोर्कच्या मध्ये भरतो आणि चाक जागच्या जागी बसतं. त्या दिवसांत पांदणीचा नाद सोडावा आणि मुरमाची वाट धरावी. घेतानाच टायर आणि फोर्कमध्ये दोन्ही बाजूंना बोट सहज जाईल एवढी जागा आहे का, ते पाहावं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. तोल शिकायचा तो वीस इंचीवर, शाळेच्या मैदानात. तोल बसला की माळासाठी चोवीस इंची चाक, तीन इंची टायर आणि 150 मिलिमीटरचे क्रँक. ज्याची उंची चांगली आहे, पाय तयार झालेत आणि ज्याला कालव्याकाठी मैलोन्‌मैल जायचंय, त्याने पुढे खुशाल एकोणतीस इंची घ्यावी. सव्वीस आणि साडेसत्तावीस हे मधले आकार वाईट नाहीत, पण पहिल्या खरेदीला मी ते सुचवणार नाही. छत्तीस इंचीही मिळते. ती डांबरी रस्त्याची, आपल्या माळाची नव्हे. आणि चाक कोणतंही असो, डोक्याला हेल्मेट आणि नडगीला पट्टा बांधल्याशिवाय मुलांना पायडलवर पाय ठेवू देऊ नका. पायडल निसटून नडगीवर बसतं, ते फार जोरात.

शेवटी एक विनंती. दुकानात गेलात तर डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचा, चाकात हवा भरायला सांगा, आणि मोजपट्टी काढून जमिनीपासून चाकाची उंची स्वतः मोजा. मगच पैसे द्या.