रिपोर्टमधला ‘आर’

लघवीला जळजळ होते, ताप येतो, डॉक्टर ‘कल्चर’ करायला सांगतात. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट मिळतो, तर औषधांच्या नावांपुढे नुसती ‘एस’, ‘आर’ अशी अक्षरं! ती कुठून येतात, ते आज सांगते.

लघवीतले जंतू आम्ही लॅबमध्ये आधी वाढवतो. बहुतेक वेळा ई. कोलाय निघतो, आपल्याच आतड्यात राहणारा. मग काचेच्या बशीत अगारचा थर थिजवायचा. अगार म्हणजे आपलं चायनाग्रासच. त्यावर जंतू सारवल्यासारखे पसरायचे आणि वर टिकलीएवढ्या, ६ मिलिमीटरच्या, औषध मुरवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. ३५ अंशांच्या उबेत १६ ते १८ तास. सकाळी बशीवर जंतूंची साय धरलेली असते. औषधाने जंतू रोखले असतील, तर चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. तो मोजायचा. ठरलेल्या मापाएवढा भरला तर ‘एस’, फारच लहान राहिला तर ‘आर’. बायका म्हणतात, “मला आता औषध लागू पडत नाही.” अहो, दाद देत नाही तो जंतू, तुमचं शरीर नव्हे!

काही जंतू ‘ईएसबीएल’ नावाची एन्झाइम्स बनवतात. ती औषधच तोडून टाकतात. ती ओळखायला दोन चकत्या लागतात. एकीत सेफ्टाझिडिम, दुसरीत तेच औषध आणि सोबत क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. हे आम्ल स्वतः जंतूंना फारसं मारत नाही, एन्झाइमचे हात तेवढे बांधून ठेवतं. दुसऱ्या चकतीचा गोल ५ मिलिमीटर किंवा अधिक मोठा आला, की चोर सापडला.

हेच आम्ल अमॉक्सिसिलिनच्या काही गोळ्यांतही असतं. म्हणून उरलेली पट्टी काढून गोळी घेऊ नका. एनडीएमसारख्या एन्झाइमला हे आम्ल रोखू शकत नाही. शिवाय बशीत दिसलं म्हणजे तीच गोळी तुम्हाला चालेल असं नाही, ते डॉक्टरच ठरवतील.

एवढं मात्र तुमच्या हातात आहे. नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्या. गोळी पोटात गेली असेल, तर आजार असूनही कधीकधी बशीत काहीच उगवत नाही. आधी घेतली असेल, तर लॅबमध्ये तसं सांगा. सुरुवातीची लघवी सोडून मधली धरा आणि बाटली दोन तासांत पोचवा. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असतील किंवा तुम्ही गरोदर असाल, तर रिपोर्टची वाट पाहत घरी बसू नका. नमुना द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.