परवान्यावर नाव कुणाचं?

(शहादा इथे लग्नाच्या वयाच्या मुली आणि त्यांच्या आयांच्या बैठकीत केलेलं भाषण)



विषय ऐकून काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. धडगावहून नंदुरबारला यायचं तर जीपमध्ये टेकायला जागा मिळत नाही, आणि ही बाई परदेशातल्या मोटारीच्या परवान्याचं काय सांगते! पण आपल्या शहादा-तळोद्याकडच्या मुली आता लग्न होऊन अमेरिकेला, इंग्लंडला, जर्मनीला, दुबईला जातात. आपण मुलाचा पगार विचारतो, पत्रिका जुळवतो, सोनं किती घालायचं ते ठरवतो. तिथे गेल्यावर आपली मुलगी घराबाहेर कशी पडणार, हे मात्र विचारत नाही.

तळोद्याकडची एक मुलगी अमेरिकेतून फोनवर माझ्याशी बोलते. इथे ती कॉलेजला स्कूटीवर जायची. तिथे घर शहरापासून लांब, बस नाही, दुकानाकडे जाणाऱ्या रस्त्याला पायवाटसुद्धा नाही. नवरा शनिवारी नेतो. ती म्हणाली, "ताई, मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. पण मीठ संपलं तरी शनिवारची वाट पाहायची." अशा बाईची तक्रार कुठल्या कलमात बसवणार?

सौदी अरेबियात बायकांच्या गाडी चालवण्यावर राज्यकर्त्यांनीच बंदी घातली होती. ६ नोव्हेंबर १९९० रोजी रियाधमध्ये ४७ बायकांनी गाड्या रस्त्यावर काढून ती मोडली. त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. २०११ मध्ये मनाल अल-शरीफ गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेली. बंदी उठली २४ जून २०१८ रोजी, आणि त्याच्या महिनाभर आधी लुजैन अल-हथलूल या कार्यकर्तीला पकडलं होतं. तिथे अडवणारा कोण ते उघड दिसत होतं. आपल्या मुलींना अमेरिकेत कुठलाच कायदा अडवत नाही. त्यांना अडवतात कागद, आणि ते कागद बहुतेक वेळा नवऱ्याच्या कपाटात असतात.

हे कसं होतं ते नीट समजून घेऊ. नवरा एच-१बी व्हिसावर नोकरीला जातो, बायको त्याच्यावर अवलंबून म्हणून एच-४ व्हिसावर. परवाना तिथे प्रत्येक राज्य देतं आणि नियम राज्यागणिक वेगळे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाचा परवाना साधारणपणे देशात राहण्याची मुदत असेल तेवढ्यापुरताच मिळतो. म्हणजे नवऱ्याची मुदतवाढ अडकली की बायकोचा परवानाही अडकतो. एच-४ वाल्या बाईला काम करण्याची परवानगी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. मग घरात सांगितलं जातं, "नंबर नाही, म्हणजे परवाना नाही." हे खरं नाही. या बाईला नंबर मिळू शकत नाही, असं पत्र त्याच खात्याच्या कार्यालयातून मिळतं आणि अनेक राज्यांत ते चालतं. शिवाय पासपोर्ट, व्हिसा, देशात आल्याची नोंद ही बायकोच्या नावाची कागदपत्रं वेगळी असतात. ती तिची आहेत. त्यांच्या प्रती तिच्याजवळ आणि एक संच माहेरी हवा.

दुसऱ्या देशांचंही थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये राहायला गेल्यापासून १२ महिने भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते. पुढे तिथली लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते. जर्मनीत ही मुदत ६ महिन्यांची. दुबईत पाहुणी म्हणून गेलात तर गोष्ट वेगळी, पण रहिवासी झालात की तिथलाच परवाना हवा. म्हणजे पोचल्या दिवसापासून मुदत सरू लागते. "आधी संसार लागू दे, मग बघू" म्हणता म्हणता वर्ष निघून जातं.

म्हणून तयारी इथून करायची. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. तो एकटा चालत नाही, सोबत मूळ भारतीय परवाना लागतोच. आणि शिकाऊ परवान्यावर तो मिळत नाही, पक्का परवाना पाहिजे. शिकाऊ परवाना काढल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, मग परीक्षा. हिशेब करा: साखरपुड्यानंतर पंधरा दिवसांत लग्न आणि लगेच विमान, यात हे बसत नाही. आणि स्कूटीच्या परवान्यावर मोटार चालवता येत नाही. चारचाकीची नोंद वेगळी करून घ्या. अमेरिका, जर्मनी, दुबईत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, तेव्हा तिथे पुन्हा शिकावं लागेलच. पण क्लच-ब्रेकची भीती इथेच मोडलेली असेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, मधलं बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, काही घरांत तर तिचं स्वतःचं नावसुद्धा बदलतात. मग परवाना माहेरच्या नावाचा, पासपोर्ट सासरच्या नावाचा. परक्या देशातल्या खिडकीवरच्या माणसाला ही एकच बाई आहे हे कसं पटायचं? लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं असेल तर सगळीकडे एकदम बदला. आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या बहिणींना हे नवं नाही. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, म्हणून त्यांना रोज परत पाठवतात. खाणंपिणं बरं असलेल्या घरातली मुलगी विमानाने जाऊन त्याच रांगेत उभी राहते.

कुणी म्हणेल, नवरा चांगला असला की नेतो ना सगळीकडे. नेतो, नेऊ दे. पण तो आजारी पडला, त्याला घेऊन रात्री दवाखाना गाठायचा असला, तर? आणि नवरा चांगला नसला तर? न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ मध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये 'सखी' १९८९ मध्ये सुरू झाली, ती दक्षिण आशियातल्या बायकांवर घरात होणाऱ्या हिंसेमुळेच. मदत मागायला फोन करता येतो, पण त्या घरातून बाहेर पडायचं म्हटलं तर कुणीतरी गाडी चालवावी लागते. शिवाय अमेरिकेत बँकेपासून विमानतळापर्यंत ओळखपत्र म्हणून लोक परवानाच दाखवतात. गाडी चालवायची नसेल तरी राज्याचं नुसतं ओळखपत्र मिळतं, तेवढं तरी काढाच.

याच शहाद्यात १९७० नंतरच्या वर्षांत श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायकांनी गुत्त्यांवर जाऊन दारूची मडकी फोडली. घरातलं दुःख हा चार भिंतींतला मामला नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं. त्यांच्यापुढे आपलं काम सोपं आहे. मुलाकडची मंडळी आली की पगाराबरोबर दोन प्रश्न विचारा: घराजवळून बस जाते का, आणि सून परवाना काढेल याला तुमची तयारी आहे का? उत्तर देताना कोण कोणाकडे बघतं, तेही लक्षात ठेवा. आणि मुलींनो, पुढच्या बैठकीला येताना आधार, जन्मतारखेचा दाखला आणि पासपोर्ट असेल तर तो, असं घेऊन या. आधी सगळीकडे नाव सारखं आहे का ते तपासू, मग शिकाऊ परवान्याचे अर्ज इथेच बसून भरू.