वाचनालयाच्या वहीत आपलं नाव

(बुलढाणा जिल्ह्यातील तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला आज दोन कामांसाठी उभं केलंय. जिल्ह्यातल्या छोट्या वाचनालयांची खबरबात सांगायची आणि येत्या वर्षात तिथं कोणते कार्यक्रम घेता येतील ते मांडायचं. मी काही ग्रंथालयशास्त्र शिकलेला माणूस नाही. एका खेड्यातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाचा सभासद आहे, कार्यकारी मंडळात आहे. मार्चअखेर जमाखर्च जुळवायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे बोलण्यात आकडे येतील, सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. गावातलं वाचनालय नेमकं कुणाचं असतं? आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, ते ग्रामपंचायतीचं असेल किंवा एखाद्या पुढाऱ्याचं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली अनुदानाचे नियम १९७० मध्ये आले. गावातली बहुतेक वाचनालयं नोंदणीकृत संस्था चालवतात आणि सरकार त्यांना अनुदान देतं. ग्रंथसंख्या, सभासद, कामाचे तास असं सगळं पाहून अ, ब, क, ड असा वर्ग ठरतो. संस्था म्हटली की सभासद आले, वार्षिक सर्वसाधारण सभा आली, निवडलेलं कार्यकारी मंडळ आलं. म्हणजे मालक सभासद. काही ठिकाणी कार्यकारी मंडळ म्हणजे एकाच घरातली माणसं, हेही मला माहीत आहे. पण तसं होतं, कारण बाकीचं गाव सभासदच होत नाही.

आता खबरबात. २०२२ च्या अखेरीस राज्य सरकारनं ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ केली. ऐकायला मोठी वाटते. 'ड' वर्गाच्या वाचनालयाला आधी वर्षाला ३० हजार रुपये मिळत, ते ४८ हजार झाले. महिन्याचे झाले ४ हजार. त्यातली निम्मी रक्कम पगाराकडे जाते असं धरा. त्या वाढीनंतर ग्रंथपालाच्या हातात महिन्याला २ हजार रुपये पडत, रोजचे सत्तरसुद्धा नाहीत. सोयाबीन सोंगायला जाणारा माणूस एका दिवसात याच्या कितीतरी पट कमावतो. उरलेल्या २ हजारांत वर्तमानपत्रं, वीजबिल, जागेचं भाडं, बांधणी आणि नवी पुस्तकं. एखादं जाडजूड स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेतलं की त्या महिन्याचा हिशोब संपला. म्हणून वाचनालयात गेल्यावर पुस्तकं जुनी दिसली, दार कधी उशिरा उघडलं, तर त्या काकांवर चिडण्याआधी हा हिशोब आठवा.

दुसरी गोष्ट जुनी आहे, पण तिचा परिणाम आजही आहे. २०१२ मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. बरीच ग्रंथालयं फक्त कागदावर असल्याचं आढळलं. त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणं आणि असलेल्यांचा वर्ग वाढवणं अनेक वर्षं थांबलं. चोरांबरोबर साव भरडले गेले. याचा आपल्यासाठी अर्थ काय? गावात जे मान्यताप्राप्त वाचनालय आज उभं आहे, ते बंद पडू दिलं तर त्याच्या जागी दुसरं सहज येणार नाही. सभासद नाहीत, वाचक नाहीत, कुलूप लागलेलं आहे असं तपासणीत दिसलं की मान्यता धोक्यात येते. आणि ती गेली की सगळ्या गावाची जाते.

हे मी का सांगतोय? कारण आपल्या मोहल्ल्यांत एक वाक्य फार ऐकू येतं: "तिथं आपलं काही नाही." मी ते चहाच्या टपरीवर ऐकलंय, मशिदीच्या पायरीवर ऐकलंय, शिकल्यासवरलेल्या पोरांकडूनही ऐकलंय. मग पुढचं वाक्य येतं, "आपण आपलं वेगळं वाचनालय काढू." जरूर काढा. मोहल्ल्यात अभ्यासिका हवीच. घरात एक खोली, त्यात सहा माणसं, अशा घरातल्या पोरानं पोलीस भरतीचा अभ्यास कुठं करायचा? पण वेगळी अभ्यासिका काढली म्हणून गावातल्या वाचनालयावरचा हक्क का सोडायचा? ते आपल्याही करातून चालतं. राज्यघटनेचं १५वं कलम सांगतं की, पूर्णपणे किंवा अंशतः सरकारी पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक जागी धर्म, जात, लिंग यांवरून कुणालाही अडवता येत नाही. हक्क कागदावर आहेच, तो वापरायला मात्र पायऱ्या चढून आत जावं लागतं.

आमच्या वाचनालयात काय झालं ते सांगतो. उर्दू शाळेत सातवीला असलेली एक मुलगी मराठी गोष्टींची पुस्तकं न्यायला यायची. दहावीनंतर मराठी कॉलेजात जावं लागेल, तेव्हा अडायला नको, असं तिच्या अम्मीचं म्हणणं. एके दिवशी तिनं मागणीच्या वहीत उर्दूत दोन ओळी लिहिल्या. ग्रंथपाल काकांना वाचता येईना. त्यांनी मला बोलावलं, "भाऊ, हे काय लिहिलंय, सांगा बरं." तिनं लहान भावासाठी उर्दू गोष्टींची दोन पुस्तकं मागितली होती. तो विषय बैठकीत निघाला. एकानं विचारलं, "उर्दू वाचणारे आपल्याकडे आहेत किती?" प्रश्नात खोट नव्हती. आम्ही सभासदांचं रजिस्टर उघडलं, तर मोहल्ल्यातली नावं बोटांवर मोजण्याइतकी. मग मी घरोघरी फिरलो. काही घरं सभासद झाली, वह्यांत मागण्या लिहिल्या गेल्या आणि पुढच्या खरेदीच्या यादीत उर्दू पुस्तकं आली. भांडण झालं नाही की निवेदन द्यावं लागलं नाही. वहीत मागणी होती, एवढंच कारण पुरलं.

'ग्रंथालयशास्त्राचे जनक' म्हणून ज्यांना आपण ओळखतो, त्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याला हवं ते पुस्तक मिळायला हवं, हा त्यातल्या एका सूत्राचा आशय. पण वाचकच दारात आला नाही, तर त्याला काय हवं ते ग्रंथपालाला कळणार कसं?

आता कार्यक्रमांकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात कार्यक्रमाची तारीख पंचांगाइतकीच शेत पाहून ठरवावी लागते. सोंगणीच्या दिवसांत दुपारी सभा ठेवली तर खुर्च्याच ऐकायला राहतात. हे धरून पाच-सहा दिवस सुचवतो.

१२ ऑगस्ट हा रंगनाथन यांचा जन्मदिवस, तो ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी आपल्या ग्रंथपालाचा सत्कार करा. इतक्या तुटपुंज्या पगारात दार उघडं ठेवणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा तरी गावानं मान द्यावा.

१५ ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून आपल्या राज्यात तो 'वाचन प्रेरणा दिन' आहे. रामेश्वरममध्ये लहानपणी वर्तमानपत्रं वाटणारा मुलगा राष्ट्रपती झाला, हे भाषण आता शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. म्हणून भाषण नको. रात्री आठला, शेतातून माणसं परतल्यावर, प्रत्येकानं आवडलेलं एक पान मोठ्यानं वाचावं. मराठी, उर्दू, हिंदी, काहीही चालेल.

११ नोव्हेंबर हा मौलाना आझादांचा जन्मदिवस, राष्ट्रीय शिक्षण दिन. त्यांचं 'गुबार-ए-खातिर' महाराष्ट्राच्या मातीत, अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं गेलं. उर्दू वाचणाऱ्या एखाद्या चाचांनी त्यातलं एक पत्र वाचावं आणि कॉलेजातल्या पोरांनी त्याचा अर्थ मराठीत सांगावा. दोन पिढ्या आणि दोन भाषा एका सतरंजीवर बसतील.

३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती आणि १२ जानेवारी जिजाऊंची. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात आहे. हे दहा दिवस मुलींसाठी ठेवा. घरचे मुलींना संध्याकाळी पाठवत नाहीत ही अडचण खरी आहे. मग वेळ बदला. आठवड्यातली एक दुपार फक्त महिला आणि मुलींसाठी, असा ठराव कार्यकारी मंडळात होऊ शकतो. त्यासाठी मंडळात एखादी आपा, एखादी ताई असायला हवी. रमजानमध्येही तसंच. इफ्तारच्या वेळी वाचनालय उघडं असून उपयोग नाही, वेळ पुढेमागे करून घ्या.

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी आपण हक्कानं बोलायचं. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. यू. म. पठाण १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मराठी आपल्याला कुणी उसनी दिलेली नाही. आणि आपल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे आणि 'बारोमास' लिहिणारे चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख, या दोघांनाही साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतकऱ्याच्या घरातली 'बारोमास'ची गोष्ट आपल्या घरातलीही आहे. ती आपल्या पोरांनी वाचलीच पाहिजे.

पैशाचं काय, असं कुणी विचारेल. यातल्या एकाही कार्यक्रमाला मांडवाचा खर्च नाही. पुस्तकं कमी असतील तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, उर्दूसाठी 'रेख्ता' आहे. एक मोबाइल आणि तो वापरायला शिकवणारा एक तरुण, एवढंच लागतं. तो तरुण आपण होऊ शकतो.

आपल्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत आणि इथं बहुतेक तालुक्यांतले मित्र बसलेत. मला ठराव नको, टाळ्या नकोत. या महिन्यात तीन कामं करा. गावातल्या वाचनालयाचे सभासद व्हा आणि घरातल्या एका मुलीला किंवा बाईला सभासद करा. मागणीच्या वहीत तुम्हाला हव्या असलेल्या एका पुस्तकाचं नाव लिहा. आणि पुढची वार्षिक सभा कधी आहे, ते ग्रंथपालाला विचारून तारीख लिहून ठेवा. कुणी "तुम्ही कशाला आलात?" असं विचारलं, तर शांतपणे पावती दाखवा आणि बसा. एक-दोन सभा अवघड जातील. तिसऱ्या सभेला तुमच्यासाठी जागा धरून ठेवलेली असेल, असा माझा अनुभव आहे.