शिवडा पकडायचा तर गळ भक्कम हवा



गावतळ्यात कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडण्यापूर्वी शिवडा, शिंगाळा यांसारखे मांसाहारी मासे काढून टाकावेत, असा सल्ला आपणास नेहमी दिला जातो. कारण उघड आहे. एक मोठा शिवडा तळ्यात राहिला तर आपण पैसे मोजून आणलेले बीज त्याचे खाद्य होते. तळे आटत असेल तर काम सोपे असते. बारमाही पाण्याच्या तळ्यात मात्र अडचण येते. मोहाची पेंड वापरायची तर एक हेक्टर क्षेत्र व एक मीटर खोली यास सुमारे २५०० किलो लागते. जाळे ओढले तर शिवडा तळाशी, झाडांच्या मुळांत दडतो. अशा ठिकाणी गळ उपयोगी पडतो.

गळ टाकणारे बरेच जण सांगतात, "मासा लागला, पण तोडून गेला." दोरी मध्येच क्वचित तुटते. ती तुटते गाठीपाशी, नाहीतर गळ सरळ होतो. म्हणून दोरीच्या शेवटच्या दोन हातांकडे अधिक लक्ष द्या.

गळ : शिवड्याचा जबडा मोठा असतो. त्याला ५/० ते ८/० क्रमांकाचा, जाड तारेचा, घडीव पोलादी गळ घ्यावा. लाकडात टोक रुतवून जोराने ओढून पाहा. वाक उघडला तर तो गळ बाजूला ठेवा. टोक नखावर हलकेच टेकवा. घसरले तर कानशीने धार लावा. आमिष लावल्यावर गळाचे टोक उघडे राहिले पाहिजे.

तार : शिवड्याच्या तोंडात बारीक, तीक्ष्ण दातांच्या पट्ट्या असतात. नायलॉन त्यावर घासून तुटते. म्हणून गळाच्या वर एक ते दीड फूट पिळाची पोलादी तार असावी. तारेला मोड पडली की ती बदला.

फिरती कडी : गळाला लागलेला मासा गिरक्या घेतो व दोरीला पीळ पडतो. तार आणि दोरी यांच्यामध्ये फिरती कडी घातल्यास पीळ बसत नाही.

शिसे : आरपार भोक असलेले शिसे कडीच्या वर, मुख्य दोरीत मोकळे ठेवा. म्हणजे आमिष ओढताना माशाला वजन जाणवत नाही. शिसे दातांनी दाबू नका. हाताळल्यावर हात धुवा.

दोरी व गाठ : हाताने टाकायच्या गळासाठी ०.९ ते १ मिलिमीटर जाडीचे नायलॉन चांगले. उन्हात पडून राहिलेले नायलॉन कमजोर होते. गाठीसाठी दोरी दुहेरी करून कडीतून ओवा, साधी सैल गाठ मारा, पुढे आलेल्या फासातून कडी पार करा आणि गाठ पाण्याने ओली करून आवळा. कोरडी आवळल्यास घर्षणाने नायलॉन भाजते व तिथेच तुटते.

आता परीक्षा घ्या. गळ फांदीत अडकवून दुसऱ्या टोकास पंधरा लिटर पाण्याची भरलेली बादली टांगा. बादलीसह हे वजन पंधरा किलोहून थोडे जास्त होते. पाच मिनिटांत काहीच सरकले नाही, तर जोडणी पक्की समजा. मात्र मासा दोरीने उचलू नका. त्याला दमवून काठाशी आणा व हातजाळ्यात घ्या. गळ पकडीनेच काढा. शिवडा चावतो, तर शिंगाळ्याच्या काट्याची जखम फार ठणकते.

भक्कम गळाचे आणखी एक कारण आहे. तुटलेला गळ व दोरी तळ्यातच राहते. ती पाण्यावर आलेल्या गुरांच्या पायात जाते, पक्ष्यांना अडकते. रात्री लावलेले गळ मोजून ठेवा आणि सकाळी तितकेच परत आणा.

शेवटी एक सूचना. तळे मत्स्य सहकारी संस्थेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे असेल तर आधी परवानगी घ्या. नदीतील शिवड्याच्या मागे मात्र लागू नका. जागतिक पातळीवर तो 'असुरक्षित' जातींत गणला गेला आहे आणि पावसाळा हा त्याच्या विणीचा काळ आहे. बीज वाचवण्यासाठी शिवडा तळ्यातून काढायचा आहे, नदीतून संपवायचा नाही. तेव्हा यंदा बोटुकलीची मागणी नोंदवण्याआधी आपल्या गळाची गाठ एकदा तपासून पाहा.