चुनखडीचा फेरा

पदार्थांतील फेरफारांविषयीं शाळेंतील मुलास विचारलें असतां तें चटकन् सांगतें कीं, जो उलटवितां येतो तो भौतिक, जो येत नाहीं तो रासायनिक. बर्फाचें पाणी होतें व पाण्याचें पुन्हां बर्फ; म्हणून तो भौतिक. जळलेल्या कागदाच्या राखेचा पुन्हां कागद होत नाहीं. म्हणून तो रासायनिक. उत्तरें दोन्ही बरोबर. कारण मात्र चुकलें आहे, आणि परीक्षेंत गुण मिळत असल्यामुळें तें चुकलेलेंच राहतें. जात्यांतून पडलेल्या पिठाचे पुन्हां गहू झालेले कोणी पाहिले आहेत काय? तरी दळणें ही क्रिया भौतिकच होय.

याच्या उलट साक्ष पानाच्या डब्यांतील चुना देतो. भट्टींत चुनखडी भाजली म्हणजे कळीचा चुना होतो. दिसावयास कळी बहुतेक मूळच्या दगडासारखीच. नजरेस वाटावें कीं कांहींच घडलें नाहीं. पण शुद्ध चुनखडी १०० तोळे घेऊन पुरती भाजली तर कळी भरते ५६ तोळे. उरलेले ४४ तोळे गेले कोठें? पूर्वीच्या पंडितांची समजूत अशी कीं, अग्नीचा कांहीं अंश दगडांत शिरतो व त्यामुळें कळीस दाहकपणा येतो. स्कॉटलंडांतील जोसेफ ब्लॅक यानें हातीं तराजू घेतला, आणि १७५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवून दिलें कीं, दगडांत शिरत कांहीं नाहीं. उलट त्यांत कोंडलेला एक वायु निघून जातो. हाच कर्बाम्ल वायु. आपल्या उच्छ्‌वासांतही तो असतो.

पुढें कळीवर पाणी ओतलें कीं ती फुटते, फसफसते, वाफा येतात. ५६ तोळे कळी १८ तोळे पाणी गिळून ७४ तोळे कोरडी भुकटी होते. (चुना विरत असतां मुलांस जवळ फिरकूं देऊं नये, उडालेला एक शिंतोडा डोळा घालविण्यास पुरेसा आहे.) हा चुना भिंतीस लावला म्हणजे केवळ वाळतो असें नव्हे. तो हवेंतील कर्बाम्ल वायु सावकाश घेऊं लागतो. ४४ तोळे वायु घेतो, गिळलेलें १८ तोळे पाणी सोडतो, आणि वजन पुन्हां १०० तोळे! भिंतीवर जी बसली ती भट्टींत गेलेलीच चुनखडी. फेरा पूर्ण झाला, पदार्थ मूळपदास आला. तथापि त्यांतील प्रत्येक पायरी रासायनिकच होती, कारण प्रत्येक पायरीस निराळ्या गुणांचा निराळा पदार्थ उत्पन्न झाला. विचारावयाचें तें एवढेंच, कीं पदार्थ तोच राहिला कीं दुसरा झाला. उष्णता, प्रकाश, बुडबुडे हीं नुसतीं सूचक चिन्हें; विजेच्या दिव्यांतील तार लखलखते, पण जळत नाहीं.

याचा पडताळा घरीं पाहतां येतो. चुन्याची स्वच्छ निवळी पेल्यांत घेऊन पोकळ काडीनें तींत हळूहळू फुंकावें. निवळी तोंडांत मात्र ओढूं नये. थोड्याच वेळांत ती दुधासारखी होते. तें दूध म्हणजे चुनखडीचे बारीक कण. येथें बहुतेक मुलें थांबतात. त्यांनीं तसेंच बराच वेळ फुंकीत राहावें, म्हणजे दूध नाहींसें होऊन पाणी पुन्हां निवळेल. तें निवळलेलें पाणी मग चुलीवर उकळावें, आणि पुन्हां गढूळ झालें म्हणजे मुलास विचारावें, चुनखडी मघाशीं नुसती विरघळली होती, कीं दुसरें कांहीं झाली होती?